अवघड जागेचं दुखणं

(दृश्य: नागपूरचा मेडिकल चौक, संध्याकाळ. औषधांच्या दुकानांची रांग.)

संध्याकाळी सातनंतर इथल्या औषधांच्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. कोणाला बीपीच्या गोळ्या हव्यात, कोणाला बाळाचं सिरप. या गर्दीत एक पोरगा केव्हाचा बाजूला उभा आहे. त्याच्या मागून आलेलेही औषध घेऊन गेले. काउंटरवरची ताई आत जाते आणि मालक समोर येतो, तेव्हा तो पुढे सरकतो. "भाऊ, खाजेची ट्यूब द्या ना एखादी. जांघेत लावायची आहे."

जांघेत नाही, हे मालकालाही समजतं. तो काही विचारत नाही. ट्यूब कागदात गुंडाळून हातात पडते.

(दृश्य: ट्यूबवरची बारीक अक्षरं.)

अशा बहुतेक ट्यूबमध्ये तीन-चार औषधं एकत्र असतात. एक बुरशीवरचं, एक जंतूंवरचं आणि सोबत क्लोबेटासॉलसारखं कडक स्टेरॉइड. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या घरात, त्यात घट्ट जीन्स. गजकर्ण व्हायला एवढं पुरतं. स्टेरॉइड लावलं की खाज दोन दिवसांत बसते आणि माणूस खूश होतो. बुरशी मात्र पसरतच राहते. तिथली कातडी मुळातच नाजूक, ती आणखी पातळ होते. पुढे डॉक्टरकडे जावं लागलंच, तर मूळचं दुखणं काय होतं हे ओळखणं त्यांनाही अवघड जातं. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. पण विकली जातात.

या पोराला खाज नाहीच. त्याला लिंगावर दिसले आहेत बारीक दाणे. काही महिन्यांपूर्वी एकदा संबंध आला होता, निरोध वापरला नव्हता. तेव्हापासून रोज रात्री मोबाइलचा टॉर्च लावून तपासणी, मग इंटरनेटवरच्या फोटोंशी तुलना. तिथले फोटो हे हमखास सगळ्यात बिघडलेल्या रुग्णांचे. मनात अपराधी भाव असला की साधी पुळीही शिक्षा वाटायला लागते.

ज्यांचा कधीच संबंध आलेला नाही, तेही हीच भीती घेऊन ओपीडीत येतात. दाणे आधीपासूनच होते, निरखून आता पाहिले, एवढंच.

(दृश्य: रेखाचित्र.)

शिश्नमुंडाच्या, म्हणजे लिंगाच्या टोकाच्या, कडेने एका ओळीत, सारख्या आकाराचे, मोत्यांसारखे दाणे असतील तर ती शरीराची ठेवण आहे. संसर्ग नाही आणि औषधाची गरजही नाही. कातडीखाली पिवळसर-पांढरे ठिपके असतील तर त्या तेलग्रंथी. फोर्डाइस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1896 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव. ओठांवरही असतात, तिथे कोणी घाबरत नाही. बायकांमध्येही योनीच्या तोंडाशी असे नैसर्गिक दाणे असतात, आणि त्यांना चामखीळ समजून जाळल्याचे प्रकार होतात. शेव्ह केल्यावर केसाच्या मुळाशी आलेली पुळी तर कोणालाही येते.

आता दुसरी बाजू. कोबीच्या फुलासारखी खडबडीत वाढ बहुधा एचपीव्ही या विषाणूमुळे येते, त्यातही त्याच्या 6 आणि 11 या प्रकारांमुळे. ती संबंधानंतर काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी उगवते. त्यामुळे नेमकं कोणाकडून आलं याचा हिशेब मांडत बसण्यात अर्थ नसतो. मधोमध खळगा असलेले चकचकीत दाणे मोलस्कम या विषाणूजन्य त्वचारोगाचे असू शकतात. पाण्याने भरलेल्या फोडांचा झुबका, आग आणि ठणका असेल तर हर्पिस या विषाणूच्या आजाराची शंका घ्यायची.

आणि एक फोड असा, जो दुखतच नाही. संबंधानंतर साधारण तीन आठवड्यांनी एकच जखम होते, कडा घट्ट, वेदना शून्य. काहीही न लावता ती तीन ते सहा आठवड्यांत भरून येते. माणूस म्हणतो, गेलं. हा सिफिलिस, म्हणजे संबंधातून पसरणारा आजार असतो, आणि तो गेलेला नसतो. काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर पुरळ उठतं, तेव्हा ते उन्हाचं किंवा ॲलर्जीचं समजून सोडून देतात. इतका त्रास देऊ शकणाऱ्या आजारावर सुरुवातीला बेंझाथिन पेनिसिलिनचा 24 लाख युनिटचा एक डोस पुरतो.

(दृश्य: रेल्वेरुळालगतची भिंत, रंगवलेली जाहिरात.)

'गुप्तरोग का शर्तिया इलाज.' अशा आजारांवर इलाजाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. भिंतीला कायदा कोण वाचून दाखवणार?

(दृश्य: ओपीडीचा बोळ.)

घरच्या डॉक्टरकडे जायची चोरी, कारण ते बाबांनाही ओळखतात. अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर, तसंच हे. मग ओळखीचं कोणी नसलेली जागा बरी. मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचा व गुप्तरोगाची ओपीडी आहे. शासनाची 'सुरक्षा क्लिनिक' याच आजारांसाठी असतात. आधी फोनवर बोलायचं असेल तर 1097 हा टोल-फ्री क्रमांक आहे.

आत काय होतं? पडदा ओढला जातो, हातमोजे चढतात, उजेड पडतो, भिंगातून पाहिलं जातं. बऱ्याचदा ओळख एका मिनिटात पटते. बाकी वेळ प्रश्नांना जातो: संबंध कधी आला, निरोध होता का, काही लावलंय का. ट्यूब लावली असेल तर ती सोबत न्यावी. रक्ताच्या चाचण्या होतात, सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि संमती घेऊन एचआयव्ही. पहिला रिपोर्ट लवकर केलेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात, कारण सुरुवातीचा निगेटिव्ह पक्का धरत नाहीत.

सिफिलिस निघाला की जोडीदारालाही आणायला सांगतात. इथे बरेच जण गळतात. डॉक्टरला सांगणं जमलं, बायकोला सांगायला जीभ उचलत नाही. मग कधी असं होतं की ती गरोदर राहते, पहिल्याच तपासणीत तिचं व्हीडीआरएल होतं आणि घरात ते तिच्या रिपोर्टवरून कळतं. आजार बाळापर्यंत पोहोचू शकतो. वेळेत दिलेलं पेनिसिलिन बाळालाही वाचवतं.

उपचारानंतर महिन्यांच्या अंतराने रक्त पुन्हा तपासतात. व्हीडीआरएलच्या रिपोर्टवरचा आकडा 1:32 होता तो 1:8 किंवा त्याखाली आला, तर औषध लागू पडलं. पण लोक पहिला रिपोर्ट फाडून टाकतात, कोणाच्या हाती लागू नये म्हणून. तो जपून ठेवा. हवं तर नाव झाकून मोबाइलमध्ये फोटो काढा, पण आकडा आणि तारीख स्पष्ट दिसू द्या.