निशाणी 5 चा अर्ज: तात्पुरता मनाई हुकूम मिळतो कसा, हातचा जातो कसा

नमस्कार. 'कोर्टातून स्टे आणलाय' असं कुणी बांधावर येऊन सांगितलं, तर आधी हुकमाची नक्कल मागा. बऱ्याचदा तो स्टे नसतोच. स्टे म्हणजे स्थगिती. ती एखाद्या हुकमाला किंवा चालू कामकाजाला मिळते. 'बांधकाम करू नको, जमीन विकू नको' असं समोरच्याला बजावतो तो तात्पुरता मनाई हुकूम. दिवाणी प्रक्रिया संहिता, आदेश 39, नियम 1 आणि 2. आपल्याकडच्या कोर्टांत या अर्जाला सर्रास 'निशाणी 5' म्हणतात, कारण दाव्याच्या फायलीत त्याला बहुधा तोच नंबर पडतो.

समजा, शेजारच्या गटवाल्यानं तुमच्या हद्दीत पाया खणायला घेतला. दावा चालणार काही वर्षं, स्लॅब पडणार दोन महिन्यांत. म्हणून हा अर्ज. न्यायाधीश तीन गोष्टी बघतात: प्रथमदर्शनी तुमची बाजू आहे का, मनाई दिल्यानं जास्त अडचण कुणाची होते, आणि होणारं नुकसान पैशानं भरून निघेल का.

यातली पहिली पायरी सगळी कागदांवर. नुसता सातबारा जोडून भागत नाही. ती महसुली नोंद, हद्द त्यातून दिसत नाही. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा सरकारी नकाशा, लावा, तारखेसह फोटो लावा. दाव्यात गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा तंतोतंत लिहा. पूर्वेच्या जागी पश्चिम पडलं, तर मनाई नेमकी कुठल्या तुकड्याला, यावरच वाद सुरू होतो. आणि उशीर करू नका. जोतं झालं, भिंती चढल्या, मग तुम्ही आलात, तर 'इतके दिवस कुठे होता?' हा प्रश्न ठरलेला.

कोर्ट आधी समोरच्याला नोटीस काढतं. नोटिशीत वेळ गेला तर अर्जाचा उपयोगच उरणार नाही असं दिसलं, तरच कारणं नोंदवून एकतर्फी, म्हणजे समोरच्याला न ऐकता, हुकूम देतं. खरी गफलत होते ती इथे. हुकूम मिळाला की लगेच अर्ज, शपथपत्र, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती प्रतिवादीला द्यायच्या किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवायच्या, आणि तसं केल्याचं शपथपत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोर्टात द्यायचं. नियम 3. पोस्टाची पावती जपा. लोक पेढे वाटण्यात दिवस घालवतात आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला यावर बोट ठेवतो. आधीचा दावा किंवा फेटाळलेला अर्ज लपवलात, तर हुकूम उठवायला तेवढंच पुरतं.

एकतर्फी मनाईनंतर 30 दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न कोर्टानं करायचा असतो. एकतिसाव्या दिवशी हुकूम आपोआप मरत नाही. स्टे सहा महिन्यांनी उठतो, हेही आता खरं नाही: सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा तो दंडक पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 29 फेब्रुवारी 2024 ला रद्द केला.

तुमच्यावरच दावा येईल अशी कुणकुण लागली असेल, तर त्याच संहितेच्या कलम 148-अ खाली कॅव्हेट टाका, म्हणजे 'मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका' असा अर्ज. 90 दिवस चालतं; मुदत संपली की पुन्हा टाकावं लागतं.

'जैसे थे' हुकूम दिसायला सोपा, पण त्रासाचा. त्या तारखेला स्थिती काय होती हे लिहिलेलं नसेल, तर दोघेही 'ताबा माझाच' म्हणत ट्रॅक्टर घालतात. म्हणून त्याच वेळी कोर्ट कमिशनर मागा, म्हणजे जागेची पाहणी करून अहवाल द्यायला कोर्टानं नेमलेला माणूस. ताबा कुणाचा हे शोधायला तो सहसा मिळत नाही. जोतं कुठपर्यंत आलंय, किती फूट आत आहे, हे टिपायला मिळू शकतो.

हुकूम मोडला तर नियम 2-अ: मालमत्ता जप्त, दिवाणी कैद 3 महिन्यांपर्यंत. नक्कल घेऊन थेट पोलिस ठाण्यात गेलात, तर 'दिवाणी बाब आहे' असंच बहुधा ऐकायला मिळतं. पोलिस मदतीचा वेगळा अर्ज त्याच कोर्टात करावा लागतो, आणि त्यासोबत हुकूम मोडल्याचे फोटो हवेत, तारखेसकट.