ओव्हरस्पीडचं चलान सहा महिन्यांनी आलं? भरण्याआधी फोटो उघडा

नमस्कार मंडळी. गेले काही आठवडे कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, मार्चमध्ये पुण्याला गेलो होतो, ओव्हरस्पीडचं चलान आत्ता सप्टेंबरमध्ये आलं. पंधरा दिवसांत आलं नाही म्हणजे रद्दच ना?" आणि त्याच्याखाली उत्तरांची रांग : हो, रद्द, भरू नका, काही होत नाही. आज मला ही उत्तरं देणाऱ्यांशी बोलायचंय.

आधी साध्या गोष्टी, पटापट. चलान खरं आहे का हे मेसेजमधल्या लिंकवर जाऊन बघायचं नाही. महाट्रॅफिक अ‍ॅप उघडा, नाहीतर ब्राउझरमध्ये स्वतः टाइप करा, महाट्रॅफिकईचलान डॉट जीओव्ही डॉट इन. गाडीचा नंबर टाका, चासीचे किंवा इंजिनाचे शेवटचे चार आकडे टाका, सगळी चलानं समोर येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या नावाने एपीके फाइल आली असेल तर तिला हात लावू नका. ती इन्स्टॉल झाली की तुमचे ओटीपी दुसराच वाचतो. घरात कुणी उघडली असेल तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता पंधरा दिवस. हे हवेतून आलेलं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ११ ऑगस्ट २०२१ च्या अधिसूचनेने १६७ अ हा नियम घातला गेला. कॅमेरा, स्पीड गन अशा यंत्रांवरून होणाऱ्या चलानांसाठीचा हा नियम. गुन्हा घडल्यापासून पंधरा दिवसांत नोटीस पाठवावी, असं त्यात स्पष्ट म्हटलं. पण पंधरा दिवस उलटले तर चलान आपोआप रद्द होईल, असं एकही वाक्य त्या नियमात घातलं नाही.

लेस्टरहून एका ताईंनी कमेंट केली होती, "आमच्याकडे चौदा दिवसांत नोटीस आली नाही तर केस टिकत नाही." ताई, तुमचं बरोबर आहे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. गाडीच्या नोंदणीकृत मालकाला चौदा दिवसांत नोटीस मिळाली नाही तर, काही अपवाद सोडता, त्या गुन्ह्यासाठी दोषी ठरवता येत नाही. तिथे मुदतही लिहिली आणि मुदत चुकल्याचा परिणामही लिहिला. आपल्याकडे मुदत लिहिली, परिणाम लिहिलाच नाही. याचा मला मनापासून राग येतो. सहा महिन्यांपूर्वी दुपारी अडीच वाजता गाडी कोण चालवत होतं हे कोणत्या घराला आठवतं? डॅशकॅमचं रेकॉर्डिंग तोवर पुसलेलं असतं. उशिरा आलेली नोटीस माणसाच्या हातातून त्याची बाजूच काढून घेते. पण राग खरा आहे म्हणून चलान रद्द होत नाही.

शिवाय नियम नोटीस पाठवण्याबद्दल बोलतो. तुमच्या आरसीला जोडलेला मोबाइल नंबर कुणाचा आहे? बऱ्याच गाड्यांना शोरूमच्या माणसाचा किंवा एजंटचा नंबर लागलेला असतो, नाहीतर आपलाच जुना, बंद पडलेला. मेसेज तिसऱ्या दिवशी गेलेला असतो, तुम्हाला कळतं सहाव्या महिन्यात. म्हणून गुन्ह्याची तारीख आणि चलान तयार झाल्याची तारीख दोन्ही बघा. परिवहनच्या साइटवर नंबर बदलता येतो, आजच बदला.

सहा महिन्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यायची, अशी तरतूद आहे. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६८ होती, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५१४ आहे. पण ही मर्यादा कोर्टाला आहे. सहा महिने झाले म्हणून अ‍ॅपवरचं चलान पुसलं जात नाही. न्यायहितासाठी उशीर माफ करण्याचा अधिकारही कोर्टाला आहे. म्हणजे हा मुद्दा चांगला आहे, पण तो मांडायची जागा मॅजिस्ट्रेटसमोर. चौकातल्या हवालदाराशी त्यावर वाद घालून काही मिळणार नाही.

मग करायचं काय? भरण्याआधी फोटो उघडा. पूर्ण व्हिडिओतलं एवढं एक जरी लक्षात ठेवलंत तरी चालेल.

माझ्या मामांना साताऱ्यात चलान आलं, दुसऱ्याच शहरातलं, चार-पाच महिने जुनं. मामा सरळमार्गी माणूस. म्हणाले, "सरकारी आहे, भरून टाकू, कटकट नको." मी म्हटलं, मामा, आधी फोटो दाखवा. गाडी पांढरीच, मॉडेलही तेच. पण मोठा करून बघितला तर नंबरप्लेटवर जिथे ८ आहे तिथे आमच्या गाडीला ३ आहे. फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं, त्या दिवशी मामांची गाडी भलत्याच टोलनाक्यावरून गेलेली. दोन्ही गोष्टी जोडून अ‍ॅपवरच तक्रार टाकली, पाठपुरावा करावा लागला, पण चलान निघालं. मामांनी आधी पैसे भरले असते तर?

तर विषय संपला असता. हे कायद्याच्या बाजूनेही समजून घ्या. चलान भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० प्रमाणे गुन्ह्याची तडजोड. तुम्ही पैसे भरले, प्रकरण मिटलं. नंतर "ती गाडी माझी नव्हती" म्हणत गेलात तर ऐकायला कुणी बांधील नाही. दर आठवड्याला मला कमेंट येते, "ताई, भरून टाकलंय, आता तक्रार कशी करू?" त्यांना काय उत्तर देऊ? म्हणून कळवळून सांगते, तक्रार आधी, पैसे नंतर.

आणि चूक तुमची आहे की नाही हेही फोटोच सांगतो. १६७ अ नेच सांगितलंय चलानात काय हवं : गुन्हा आणि नंबरप्लेट दिसणारा स्पष्ट फोटो, यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण, कोणतं कलम मोडलं ते, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. यंत्राला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाची मान्यता लागते आणि तिचं दरवर्षी नूतनीकरण लागतं. फोटो धूसर आहे, वेगाचा आकडाच नाही, तर तक्रारीत नेमकं तेच लिहा. "अन्याय झाला" एवढंच लिहू नका.

पण ठिकाणही नीट वाचा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला सपाटीला शंभरची मर्यादा आहे, बोरघाटात ती खूप खाली येते. समृद्धीवर कारला सपाटीला १२०. लोक म्हणतात, मी तर नव्वदनेच होतो. अहो, घाटात नव्वद म्हणजे ओव्हरस्पीडच. आणि एक्स्प्रेसवेवर कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमधलं अंतर किती वेळात कापलं यावरून सरासरी वेगही काढतात. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर, याने सुटका नाही. फोटो तुमच्याच गाडीचा, आकडा बरोबर, ठिकाण बरोबर, तर चलान उशिरा आलं तरी भरा. कलम १८३ खाली कारला दोन हजारांपर्यंत दंड आहे. त्या घाटात ब्रेक न लागलेल्या गाड्यांचं काय झालंय हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

अजून दोन कमेंट घेते. एका काकांनी विचारलंय, "स्कूटर दोन वर्षांपूर्वी विकली, चलानं मलाच येतात." काका, गाडी विकली पण आरसीवर नाव तुमचंच राहिलं. फॉर्म २९, म्हणजे गाडी विकल्याची सूचना, आरटीओत दिला होता का? त्याची पोच शोधा, विक्रीचा कागद काढा, तक्रारीला जोडा आणि नाव बदलून घ्यायला खरेदीदाराच्या मागे लागा. तोवर प्रत्येक चलान तुमच्याच दारात येणार.

दुसरी, लोकअदालतीचा मेसेज आलाय, घाबरायचं का? घाबरू नका. थकलेली चलानं दाखलपूर्व प्रकरणं म्हणून, म्हणजे कोर्टात खटला दाखल होण्याआधीच, तिथे ठेवतात. "तिथे अर्धं माफ होतं" असं धरून मात्र जाऊ नका, सवलत हा काही तुमचा हक्क नाही. आणि तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. ज्याला चलानच मान्य नाही त्याने तडजोडीवर सही करायची नाही, प्रकरण कोर्टात चालू द्यायचं.

तुमचं चलान कुठे अडलंय ते खाली लिहा, मी वाचते. फक्त गाडीचा नंबर, चलान नंबर, चासीचे आकडे कमेंटमध्ये टाकू नका. कालच मी असे बरेच कमेंट लपवलेत. स्क्रीनशॉट टाकायचा असेल तर नंबर झाकून टाका. गुन्ह्याची तारीख आणि मेसेज आल्याची तारीख मात्र दिसू द्या, त्याशिवाय मला काहीच सांगता येत नाही.