ड्युरँडची फायनल जिंकली, तीन कप मिळाले. घरी कोणता न्यायचा?

(मागे धानाच्या बांध्या. बोलणारा बांधावर बसलेला, थेट कॅमेऱ्याकडे पाहून.)

नमस्कार मंडळी! मौदा तालुक्यातला हा आमचा बांध. मागून खोकल्याचा आवाज येतोय ना, ते आमचे आबाजी. व्हिडिओत येत नाही म्हणाले, पण हा व्हिडिओ त्यांच्याच प्रश्नामुळे करतोय.

झालं असं, 2025 चा पोळा 22 ऑगस्टला होता. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोट्टे लाकडी नंदी ओढत घरोघर बोजारा मागत फिरत होते, आणि त्याच संध्याकाळी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर फुटबॉलच्या ड्युरँड कपची फायनल. आम्ही ओसरीवर मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता. नॉर्थईस्ट युनायटेडने डायमंड हार्बरला 6-1 ने धुतलं. खरं सांगू? मॅच म्हणून त्यात दम नव्हता. डायमंड हार्बर 2022 साली निघालेला क्लब, पहिल्यांदाच ही स्पर्धा खेळत होता. सेमीफायनलला ईस्ट बेंगालला हरवलं, तिथंच त्यांची दिवाळी झाली होती.

मग बक्षिसाची वेळ आली. पाहतो तर तीन कप. आबाजी म्हणाले, "तीन काहून बे? टीम तं एकच जितली ना?"

मला उत्तर येत नव्हतं. "असतंच तसं," म्हणून वेळ मारून नेली, आणि रात्री शोधत बसलो.

(स्क्रीनवर: 1888, सिमला)

ड्युरँड हा एक साहेब. सर मॉर्टिमर ड्युरँड, इंग्रज सरकारचा परराष्ट्र सचिव. अफगाणिस्तानच्या सीमेवरची ती प्रसिद्ध ड्युरँड रेषा, 1893 सालची, ती याच्याच नावाची. त्या रेषेवरून अजून भांडणं चालू आहेत, आणि कपावरून दरवर्षी नवीन होतात. तर या माणसाने 1888 साली सिमल्यात पलटणींसाठी फुटबॉलची स्पर्धा सुरू केली आणि कप दिला. अ‍ॅनाडेलच्या मैदानावरच्या पहिल्या फायनलमध्ये रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्सने हायलँड लाइट इन्फंट्रीला 2-1 ने हरवलं. दोन्ही पलटणी स्कॉटलंडच्या! म्हणजे भारतात सुरू झालेली आशियातली सगळ्यात जुनी फुटबॉल स्पर्धा, आणि तिच्या पहिल्या फायनलमध्ये आपलं काय होतं, तर मैदान.

आता कपाचं ऐका. आपल्याकडे कबड्डीच्या सामन्यात फिरती ढाल असते. यंदा तुमची, पुढच्या वर्षी जिंकेल त्याची. आणि एखाद्या मंडळाने सलग तीन वर्षं मारली की ढाल त्यांच्याकडे कायमची. ड्युरँड कपाचं अगदी हेच झालं. पहिली फायनल हरलेल्या हायलँड लाइट इन्फंट्रीने 1893, 94, 95 अशी तीन वर्षं ओळीने जिंकली आणि कप उचलून नेला. दुसरा कप आला. तो ब्लॅक वॉच पलटणीने 1897 ते 99 जिंकून नेला. मग तिसरा आला. आता दर पाच-सहा वर्षांनी साहेबाने चांदी कुठून आणायची? म्हणून ठरलं, कितीही वेळा जिंका, हा कप कायमचा कुणाचा नाही. तो फिरताच.

हा झाला एक. दुसरा, सिमला ट्रॉफी. सिमल्याच्या रहिवाशांनी 1904 साली दिलेली. 1965 पासून तीही फिरती.

तिसरा राष्ट्रपतींचा कप. डॉ. राजेंद्र प्रसादांनी 1956 साली पहिल्यांदा दिला. हा विजेत्याचा, कायमचा. म्हणजे फोटो तीन कपांसोबत, पण कपाटात राहणार एक.

(थोडं थांबून.)

इथवर आलोच आहे तर एक फायनल सांगितल्याशिवाय उठणार नाही. 1940 ची.

सुरुवातीपासून ही स्पर्धा म्हणजे गोऱ्या पलटणींचं राज्य. तिकडे कोलकात्यात मोहन बागानने 1911 साली आयएफए शील्ड या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये ईस्ट यॉर्कशायर पलटणीला 2-1 ने हरवलं होतं, तेही बहुतेक जण अनवाणी खेळून. पण ड्युरँड काही हाती लागत नव्हता. 1940 ला स्पर्धा सिमल्याहून दिल्लीला आली. 12 डिसेंबरला आयर्विन अँफीथिएटरमध्ये फायनल. आज त्याला मेजर ध्यानचंद स्टेडियम म्हणतात. एका बाजूला रॉयल वॉरविकशायर रेजिमेंट, दुसऱ्या बाजूला कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग. शिट्टी कॅप्टन हरनाम सिंगांच्या हातात, म्हणजे रेफरीही आपला. मोहमेडनने 2-1 ने मारली! ड्युरँड जिंकणारा पहिला भारतीय क्लब, 52 वर्षांनी.

माझे मामा कामठीला राहतात. कामठी म्हणजे 1821 पासूनची छावणी. ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आजही तिथंच. तिथल्या गल्लीत क्रिकेटच्या बरोबरीने फुटबॉल चालतो. मामांना ही 1940 ची गोष्ट फोनवर सांगितली तर ते म्हणाले, "पलटणीसंग खेळणं सोपं नसते बाबू. त्याईचा दम सरतच नाही." ते स्वतः पोरपणी छावणीतल्या जवानांसोबत खेळलेत, म्हणून ऐकून घेतलं. आणि खोटंही नाही. ड्युरँड अजून सैन्यच भरवतं, आणि 2016 ची फायनल आर्मी ग्रीनने मणिपूरच्या नेरोकाला टायब्रेकरमध्ये हरवून जिंकली होती.

1940 नंतर मात्र खंड पडला. युद्ध, मग फाळणी. स्पर्धा पुन्हा भरली ती थेट 1950 ला. त्यानंतर मोहन बागान आणि ईस्ट बेंगालने बाकीच्यांना फार काही ठेवलं नाही. बागानचे 17, ईस्ट बेंगालचे 16. या दोघांची फायनल 1960 ला आणि पुन्हा 1982 ला सुटलीच नाही, दोघांनाही विजेते ठरवलं. आता तसं चालत नाही. 2024 च्या फायनलमध्ये बागान हाफटाइमला 2-0 ने पुढे होता. नॉर्थईस्टने दुसऱ्या हाफमध्ये तीन-चार मिनिटांच्या आत दोन्ही गोल फेडले, मॅच थेट पेनल्टीवर गेली, आणि गोलकीपर गुरमीत सिंगने दोन अडवल्या. नॉर्थईस्टचा तो पहिलाच कप. बघायची फायनल ती होती. 2025 ची नव्हे.

म्हणजे नॉर्थईस्टचे सलग दोन झाले. ईस्ट बेंगालच्या 1989, 90, 91 नंतर लागोपाठ जिंकणारी हीच पहिली टीम.

हे सगळं मी दुसऱ्या दिवशी आबाजींना सांगितलं. त्यांनी तंबाखू मळत ऐकलं.

"म्हंजे तिसऱ्यांदा जितले तरी वापसच द्या लागते?"

"हाव आबाजी. फिरता कप हाय तो."

"अन् आपली कबड्डीची ढाल?"

(कॅमेऱ्याकडे पाहून.)

तर मंडळी, ज्या गावाने ती नेली, नाव घेत नाही, त्यांनी एकदाच जिंकली होती. सलग तीनदा नव्हे. आबाजी म्हणतात, येत्या सोमवारी बाजाराला आले की घेऊन या.