रामकुंडावरचा एक दिवस

बंधू-भगिनींनो,

आज मला नाशिकविषयी बोलायला सांगितले आहे. द्राक्षे, चिवडा आणि सिंहस्थ यांवर बोलणारे जाणकार इथे आहेत, म्हणून मी माझी पर्स हरवल्याची हकीकत सांगते.

गेल्या श्रावणात महामार्ग बसस्थानकावर उतरून मी रिक्षाने पंचवटीत गेले. भाड्याचे पैसे हातातच होते. ते देऊन भर पावसात छत्री सावरत मी उतरले, आणि पर्स सीटवरच राहिल्याचे लक्षात आले तेव्हा रिक्षा दिसेनाशी झाली होती. पासपोर्ट, फोन, पैसे, सगळे त्यात. परदेशात राहणाऱ्या माणसाच्या पोटात अशा वेळी कसा गोळा येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

रामकुंडाजवळ फुलांचे द्रोण विकणाऱ्या एका बाईंनी माझा चेहरा पाहूनच विचारले, "काय झालं, ताई?" त्यांच्या फोनवरून मी माझा नंबर पुन्हा पुन्हा लावला, पण मीच आवाज बंद केलेला असल्यामुळे कोणी उचलेना. त्यांनी मला ताडपत्रीखाली बसवले, चहा मागवला आणि मुलाला रिक्षाथांब्यांवर चौकशीला पिटाळले. पावसामुळे त्या दिवशी त्यांची भवानीसुद्धा झाली नव्हती, हे मला फार उशिरा कळले आणि त्याची चुटपुट अजून लागून आहे.

"गंगेवर कुणाचं काही करायला आलात का?" त्यांनी विचारले. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. मी म्हटले, काही करायचे नाही, फक्त माझे आजोबा पूर्वी इथे येऊन गेले होते. "मग उपाध्यांच्या वहीत नाव असणार की!"

इथले तीर्थोपाध्याय पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंच्या नोंदी जपतात, हे मी ऐकून होते. पण पर्स हातात असती तर दर्शन घेऊन तासाभरात परतले असते. आता वेळच वेळ होता. आडनाव आणि मूळ गाव सांगत आम्ही दोन घरे फिरलो. तिसऱ्या घरी वही निघाली. 1956 च्या सिंहस्थातली नोंद, खाली आजोबांची सही, शेवटी दोन वर्षांच्या माझ्या वडिलांचे नाव, आणि आजीच्या नावापुढे तिचे माहेरचे आडनाव व गाव. वडील चार वर्षांचे असताना आजी गेली, आजोबांनी पुढे तिचा विषयच काढला नाही, आणि तिचे माहेर कोणते हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. उपाध्यांनी ती ओळ मला दोनदा वाचून दाखवली, कारण पहिल्यांदा माझ्या डोळ्यांना अक्षरे दिसत नव्हती.

आम्ही परतलो तेव्हा रिक्षावाले दादा पर्स घेऊन थांबले होते. नाशिकरोडचे भाडे सोडल्यावर त्यांना ती दिसली. तेव्हापासून मला शोधत ते दोनदा येऊन गेले होते. पैसे त्यांनी घेतले नाहीत, खूप आग्रह केल्यावर चहा घेतला. फुलवाल्या बाईंकडून मी द्रोण घेतला, तर त्याचेही पैसे त्या घेईनात; "आजीच्या नावानं सोडा," म्हणाल्या.

आजीचे माहेर निफाड तालुक्यात, गोदावरीच्याच काठी आहे. येत्या डिसेंबरात मी वडिलांना तिथे घेऊन जाणार आहे. आपल्या मामांच्या घरचे कोणी तिथे असेल का, हे ते मला आत्तापासूनच दर रविवारी फोनवर विचारतात.