पेशीच्या तळव्याखालचा उजेड

(दृश्य: काळा पडदा. त्यावर एक हिरवी आडवी रेषा.)

रेषा सरळ आहे. गेली वीस मिनिटं ती सरळच आहे. नवख्या माणसाला वाटेल, यंत्र बंद पडलंय. पण ही सरळ रेषा म्हणजे काचेवर पसरून बसलेल्या हजारो जिवंत पेशी. सध्या त्या निवांत आहेत, एवढंच.

(दृश्य: ३८४ खळग्यांची प्लेट. पिपेटच्या टोकाशी लोंबणारा थेंब.)

आता एका खळग्यात थेंब पडेल. त्यात आहे 'ईजीएफ', पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन. पेशी आहेत ए-४३१ जातीच्या, माणसाच्या त्वचेच्या कर्करोगातून वाढवलेल्या. हा निरोप घेणारे ग्राही यांच्या अंगावर इतर पेशींपेक्षा कितीतरी जास्त असतात, म्हणून प्रयोगासाठी त्या सोयीच्या.

थेंब पडला.

(दृश्य: रेषा वर चढते. काही क्षण शांतता, निवेदन नाही.)

या पेशींना कुठलाही रंग दिलेला नाही, हे आधी सांगायला हवं. पेशीत काय चाललंय ते बघायचं तर तिच्यात काहीतरी चमकणारं घालायचं, ही नेहमीची वाट. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये जेलीफिशमधलं हिरवं प्रथिन वेगळं केलं. १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी ते दुसऱ्या सजीवांत चमकवून दाखवलं. रॉजर त्सिएन यांनी त्यातून रंगांची अख्खी पेटीच तयार केली. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण चमकवायचं तर पेशीवर प्रखर प्रकाश टाकावा लागतो. रंग विटत जातो, पेशीलाही तो उजेड सोसत नाही. आणि आधीच काहीतरी घुसवलेली पेशी वागते ते तिचं स्वतःचं वागणं किती, ही शंका उरतेच.

इथे पद्धत उलटी आहे. पेशीला हात लावायचा नाही. ती जिथे बसली आहे, त्या जमिनीला विचारायचं.

(दृश्य: सीडी तिरकी धरल्यावर उमटणारे रंग. त्यातून खळग्याच्या तळाचं ॲनिमेशन.)

सीडी तिरकी धरली की रंग दिसतात, ते तिच्यावरच्या बारीक रेघांमुळे. या खळग्याच्या तळाशीही तशाच खाचा आहेत, एकमेकींपासून साधारण ५०० नॅनोमीटरवर, आणि त्यांच्यावर एका पारदर्शक पदार्थाचा पातळ थर. खालून प्रकाश टाकला की त्यातली एकच नेमकी तरंगलांबी या थरात शिरते, थोडं अंतर धावते आणि परत खाली येते. अशा खाचांवर प्रकाश विचित्र वागतो, हे अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वूड यांनी १९०२ मध्येच टिपलं होतं. तेव्हा त्यांनाही कोड्यात पाडणारी ती गोष्ट आता मोजमापाच्या कामी येते.

थरातून धावताना प्रकाशाचा थोडा अंश वरच्या बाजूला झिरपतो. फार नाही, साधारण १५० नॅनोमीटर. केसाच्या जाडीचा पाचशेवा भाग म्हणा. पेशी या अंतराच्या मानाने डोंगर आहे. हा उजेड फक्त तिच्या तळव्याला लागतो.

पाण्यापेक्षा प्रथिनांचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाचा वेग कमी करण्याचं माप, जास्त. त्यामुळे निरोप मिळाल्यावर पेशीच्या आतली प्रथिनं तळाकडे सरकली, की परत येणारी तरंगलांबी किंचित वाढते, आणि पडद्यावरची रेषा वर चढते. किंचित म्हणजे पिकोमीटरमध्ये. हायड्रोजनच्या अणूचा व्यास साधारण १०० पिकोमीटर, यावरून अंदाज करा.

(दृश्य: पुन्हा रेषा. शिखर गाठून आता ती उतरू लागली आहे.)

आधी चढ, आता उतार. पेशी काचेवरची पकड सैल करते आहे, कडा आत ओढून घेते आहे, म्हणून तळव्यापाशी ऐवज कमी झाला.

हे अर्थात रेषेनं सांगितलेलं नाही. रेषा फक्त म्हणते, काहीतरी हललं. कोण हललं ते तिला कळत नाही, आणि या तंत्राचा खरा अडसर तोच. मग शेजारच्या खळग्यात ग्राही अडवणारं रसायन आधी घालायचं आणि तोच थेंब टाकायचा. तिथली रेषा सपाट राहिली, तर निरोप त्याच दारातून गेला होता.

(दृश्य: दुसरी एक रेषा. एकदम सरळ उभी उडी.)

ही उडी बघा. बघणारा हरखतो. पण इथे पेशीच नाहीत, खळगा रिकामा आहे! थेंबातलं औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं होतं आणि त्याचा अपवर्तनांक पाण्याहून बराच जास्त. शिवाय थेंब गार होता. पाणी एका अंशानं तापलं किंवा निवलं तरी त्याचा अपवर्तनांक दहा हजारांत एक इतका हलतो, आणि तेवढं या यंत्राला पुष्कळ झालं. म्हणून प्लेट आणि औषधं तास-तासभर एकाच तापमानाला ठेवायची, प्रत्येक खळग्यात डीएमएसओ सारखंच ठेवायचं. प्रयोगशाळेतला बराचसा दिवस या वाट पाहण्यातच जातो.

(दृश्य: रेषेच्या जागी चित्र. राखाडी पार्श्वभूमीवर ठिपक्यांसारख्या पेशी.)

आतापर्यंतची रेषा म्हणजे हजारो पेशींची सरासरी. नव्या यंत्रांत तळाचं चित्रच घेता येतं, म्हणजे प्रत्येक पेशीची रेषा वेगळी. डावीकडची लगेच उजळली. तिच्या शेजारची थोड्या वेळानं. आणि ही कोपऱ्यातली, तिलाही तोच थेंब मिळाला, तिच्याही आजूबाजूला तेच पाणी.

ती अजून ढिम्म आहे.

(दृश्य: कॅमेरा त्या एका पेशीवर थांबतो. घड्याळाचे आकडे पुढे सरकत राहतात.)