पैसा किती, आणि कधी?

नमस्कार श्रोतेहो. अधिवेशन भरलं की बातम्यांत घोषणा ऐकू येतात, सभात्याग ऐकू येतो. पैशांचं काय बोलणं झालं, ते मात्र कानावर पडत नाही.

गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला १८६६ साली जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलायला उभे राहिले, तेव्हा अर्थसंकल्पावर मत द्यायचा अधिकारच सभासदांना नव्हता. त्यांनी बोलायचं, सरकारनं ऐकून घ्यायचं, आकडे होते तसेच राहायचे. तरी हा माणूस सगळे आकडे तपासून आलेला. सरकार तिजोरीतल्या शिलकीवर खूश होतं. गोखल्यांचं म्हणणं, रयत दुष्काळानं पिचलेली असताना ही शिल्लक भरभराटीची नव्हे, जादा कर घेतल्याची आहे. पुढे १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक आणलं. वर्षभरानं ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं.

आज आमदारांकडे मत आहे. खात्यांच्या खर्चाच्या मागण्या सभागृहापुढे येतात, रक्कम कमी करा अशी कपात सूचना देता येते. वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविनाच मंजूर होतात, हा भाग वेगळा!

खरी तपासणी चालते ती आमदारांच्या समित्यांत. सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’च्या अहवालावर लोकलेखा समिती, एसटीसारख्या महामंडळांवर सार्वजनिक उपक्रम समिती, आणि जिल्हा परिषदेवर पंचायती राज समिती. तिथे सचिवांना, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना साक्षीला बसावं लागतं. पक्षाचं भांडणही तिथे जरा कमी असतं, कारण समोर कॅमेरा नसतो.

समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की शाळांना रंग लागतो. तो खर्च हिशेबात कुठल्या लेखाशीर्षाखाली टाकला, तेही एकदा विचारायला हवं.

आपल्याकडची, कोकणातली शाळा म्हणजे वाडीवरची, जांभ्याच्या भिंतींची, वरती कौलं. पटावर दहा-पंधरा मुलं. समग्र शिक्षा योजनेत शाळेचं वार्षिक संयुक्त अनुदान पटावर ठरतं. तिसापर्यंत पट असेल तर १०,००० रुपये. त्यात खडू, वीजबिल, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, सगळं आलं. पण पाऊस काही पट मोजून पडत नाही! पंधरा मुलांच्या शाळेची कौलंही शंभर मुलांच्या शाळेइतकीच फुटतात. कोकणाला वेगळा निकष हवा, हे मागायचं तर आमदारांनीच मागायला हवं, आणि तेही आकडे घेऊन.

दुसरी गोष्ट तारखेची. आपल्याकडे कामाचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंत. मोठ्या दुरुस्तीचा निधी मार्चअखेर हातात पडला, की निविदा निघेपर्यंत मृग येतो. मग एकतर पैसे परत जातात, नाहीतर घाईत बिलं निघतात. वर्षअखेरीच्या या घाईवर ‘कॅग’नं अनेकदा बोट ठेवलंय. समितीनं ‘किती खर्च झाला’ याआधी ‘पैसे कधी पोचले’ हे विचारलं, तर अर्धं कोडं तिथेच सुटेल.

आणि हे काम एकट्या आमदारांचं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीला अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवायला सांगितलंय, आणि त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. पुढच्या बैठकीत सहीसाठी वही समोर आली, की आधीची दोन पानं उलटा. रक्कम बघाच, पण अनुदान जमा झाल्याची तारीख वेगळ्या कागदावर लिहून घ्या. पंचायती राज समिती जिल्ह्यात आली, की तो कागद आपल्या आमदारांच्या हातात द्या.