घरापुढची बाग रानासारखी हवीय? मग आधी वाट आखा!

नमस्कार मंडळी! हे मागे दिसतंय ना, ही माझ्या घरापुढची बाग. पहिल्या वर्षी शेजारच्या काकांनी मला विचारलेलं, "बरेच दिवस बाहेरगावी होतात का?" आणि मी तर रोज सकाळी तासभर तिथेच मातीत बसलेली असायचे!

झालं काय होतं, मला ते कापलेलं लॉन आणि रांगेत उभी झाडं नको होती, जरा रानातल्यासारखं हवं होतं, म्हणून मी सगळं वाढेल तसं वाढू दिलं. आणि रस्त्यावरून बघणाऱ्याला ते रान वाटलंच नाही, पडीक जागा वाटली. जोन नासाउअर म्हणून अमेरिकेतल्या लँडस्केप आर्किटेक्ट आहेत, त्यांनी १९९५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, की आतला पसारा कितीही रानवट असू दे, त्याला कडेनं नीट चौकट दिली की लोकांना कळतं, इथे कुणीतरी लक्ष देतंय. म्हणजे रस्त्याच्या बाजूला फूट-दीड फूट कापलेल्या गवताची पट्टी, किंवा विटांची एक सरळ ओळ, किंवा बुटकं कुंपण. बस. मी फक्त विटा लावल्या, आत एका झाडाला हात लावला नाही, आणि काका म्हणाले, "आता छान केलंत!"

आता वाट. झाडं आणायच्या आधी वाट, प्लीज. (कॅमेरा खाली) ही बघा, पाच फूट रुंद आहे. चार फुटांच्या खाली जाऊ नका, कारण दोन माणसं गप्पा मारत शेजारीशेजारी चालत आली पाहिजेत, एकामागे एक आली की पाहुणे न वाटता रांगेत उभी असल्यासारखी वाटतात. आणि हो, दोन्ही कडेची झाडं वाढून वाटेवर झुकणार, ते सुंदरच दिसतं, पण त्यात अर्धा फूट सहज जातो, तेवढा आधीच धरा. पाणी घालायचा पाइप जमिनीवर टाकून आकार बघा, दोन-चार दिवस तसाच ठेवा, आणि कुरिअरवाला कुठून येतो ते बघा. तो जिथून गवत तुडवत जातो ना, तीच तुमची खरी वाट. उगाच नागमोडी वळण काढलंत तर लोक ते कापूनच जाणार. वळण हवंच असेल तर तिथे एखादं मोठं झाड किंवा दगड ठेवा, म्हणजे वळायला कारण मिळतं. आणि फाटकातून घराचं दार दिसलं पाहिजे, पाहुण्याला शोधायला लावू नका.

आता झाडं. इथे सगळे एकच चूक करतात, मीही केली, नर्सरीत जायचं आणि जे आवडेल ते एकेक उचलून आणायचं. घरी लावलं की नर्सरीचंच दुकान मांडल्यासारखं दिसतं! रानात असं नसतं. तिथे एक-दोन प्रकारचं गवत सगळीकडे पसरलेलं असतं आणि त्यातून बाकीची फुलझाडं डोकं वर काढतात. तेच करायचं, म्हणजे प्रकार कमी, आणि झाडं जास्त. खाली जमीन झाकणारं काहीतरी बुटकं, मग एकाच जातीची तीन, पाच, सात अशी घोळक्यानं, आणि तोच घोळका थोड्या अंतरावर परत. जाती कुठल्या, ते मला विचारू नका, तुमच्या जवळच्या माळावर कुणी पाणी न घालता काय उगवतंय ते बघून या.

न्यूयॉर्कची हाय लाइन माहितीये? उंचावरचा बंद पडलेला रेल्वेमार्ग होता, त्यावर आपोआप रान माजलं होतं, आणि २००९ मध्ये तिथे बाग खुली झाली तेव्हा पीट ओडॉल्फ या डच डिझायनरनं त्याच रानावरून लागवड ठरवली होती. त्यांचं मला सगळ्यात पटलेलं म्हणजे फूल सुकलं की लगेच छाटायचं नाही. सुकलेली बोंडं, तपकिरी काड्या, त्याही दिसू द्यायच्या, पाखरं बिया खायला येतात ते वेगळंच.

एक-दोन गोष्टी पटकन. फाटकाशी, गाडी बाहेर निघते तिथे गुडघ्याच्या वर काही नको, रस्ता दिसला पाहिजे. दिवे लावाल तर उजेड खाली वाटेवर पडू दे, माणसाच्या डोळ्यात नको. आणि उन्हातला एक कोपरा मातीचा तसाच उघडा ठेवा, मधमाश्यांच्या जातकुळीतल्या बहुतेक रानटी माश्या पोळं करत नाहीत, जमिनीत बीळ करून राहतात.

हां, आणि पहिल्या वर्षी हे सगळं विरळ दिसणार. झाडं आधी खाली मुळं धरतात, वर काही दिसत नाही, तेव्हा पाणी मात्र चुकवायचं नाही, आणि तण हातानं काढायचं. मधल्या जागेत वर्षभरात संपणारी फुलझाडं टाका, पण मोठी झुडपं कोंबू नका. मी कोंबली होती, सात. तिसऱ्या वर्षी त्यातली चार उपटून त्याच काकांना दिली.